डावीकडून घेतलेला वेढा

माझ्या बहिणीच्या नवऱ्याला आमच्या भागात लोक टोपलीवाले म्हणतात. तोंडावर नाही, पाठीमागे. नव्या माणसाला वाटतं, बाजारात टोपल्या विकत असतील. तसं काही नाही. त्यांच्याकडे आहेत त्या चिनी बायकांच्या शिवणाच्या टोपल्या, शंभर वर्षांच्या, काही त्याहूनही जुन्या. वेताच्या, गोल, झाकणाच्या. रंग जास्त उकळलेल्या चहासारखा. झाकणावर हिरव्या काचेची कडी, मणी, मधोमध चौकोनी भोक असलेली तांब्याची नाणी आणि रेशमी गोंडे. कधीकाळी कुणीतरी बाई त्यांत सुया, रिळं, बटणं ठेवत असेल. आता त्या रिकाम्या असतात. भाऊजी त्यांत टाचणीसुद्धा ठेवू देत नाहीत.

मी त्यांना भाऊजी म्हणतो आणि शेवटपर्यंत म्हणेन. पण हे सांगताना माझ्या पोटात त्यांच्याबद्दल राग आहे, तो लपवून मला सांगता येणार नाही. तो राग आहे म्हणून दया येत नाही असंही नाही. दोन्ही एकदम येतात, आणि मग मी त्यांच्यावर उगाच ओरडतो.

माझं स्वतःचं वेल्डिंगचं दुकान आहे. आमच्या धंद्यात जोड दिसतो. गेटचा गज तुटला की मी जोडतो, तिथे गाठ उठते, ती घासतो, वर रंग मारतो, तरी जवळून पाहिलं की कळतंच. गिऱ्हाईक त्या गाठीवरून बोट फिरवतं, एक हिसका देऊन बघतं आणि समाधानाने घरी जातं. भाऊजींना माझं काम बघवायचं नाही. एकदा म्हणाले, "अरे, हे म्हणजे गेटला टेंगूळ आलंय." मी म्हणालो, "टेंगूळ येऊ दे, गेट लागतंय ना?" ताई शेजारी उभी होती, ती हसून हसून बेजार झाली. माझी बाजू तिने घेतली नाही, त्यांचीही नाही. तिला आमचं भांडण आवडायचं.

भाऊजी एका लिलावाच्या गोदामात कारकून होते. लोकांची घरं मोडली की त्यातलं सामान तिथे यायचं, चिठ्ठ्या लागायच्या आणि विकलं जायचं. लग्न होऊन थोडेच दिवस झाले होते तेव्हा अशाच कुठल्या सामानात एक टोपली आली. झाकणाचा एक तुकडा उडालेला, बुडाशी उंदराने कुरतडलेलं. तिच्यावर कुणी बोली लावेना. भाऊजींनी ती उचलून घरी आणली. ताई मला सांगायची, "घरात धड दोन पातेली नव्हती, आणि हे मोठ्या थाटात फुटकी टोपली घेऊन आले." त्यांना कुणी काही शिकवलं नाही. वेत कोमट पाण्यात किती वेळ ठेवायचा, पट्टी किती पातळ तासायची, नव्या पट्टीला चहाच्या पाण्याने जुना रंग कसा आणायचा, वरून चकाकीसाठी चपडा लाखेचे किती हात द्यायचे, हे सगळं ते चुकत चुकत शिकले. मग दुसरी टोपली आली, तिसरी आली. नाद लागला. पुढे एका खोलीच्या तिन्ही भिंतींना फळ्या ठोकल्या आणि त्यावर टोपल्या बसल्या. पाहुणा आला तर त्याला झोपायला जागा नसायची.

त्यांचा नियम एकच. दुरुस्ती दिसता कामा नये. आधी कुणी केलेली दुरुस्ती असली, तारेने आवळलेलं, लोकरीने शिवलेलं, तर ते सगळं आधी उसवायचं. "वस्तू होती तशी व्हायला हवी," असं ते म्हणायचे. "मध्ये कुणी हात लावला होता, हे तिला स्वतःलासुद्धा आठवता कामा नये."

ताई या भानगडीत कशी ओढली गेली, ते मी डोळ्यांनी पाहिलंय. भाऊजी कामावर गेलेले असताना तिने आपण होऊन एक झाकण दुरुस्त केलं. मी दुपारचा तिच्याकडे जेवायला जायचो. तिने मला ते दाखवलं. पट्टी जरा जाड होती, रंगाने उजळ होती, जखमेवर पट्टी बांधावी तशी दिसत होती. मला ते फार आवडलं. संध्याकाळी भाऊजी आले, त्यांनी झाकण हातात घेतलं, उजेडाकडे धरलं आणि म्हणाले, "छान केलंस. पण दिसतंय." मग तिच्यादेखत उसवलं. ओरडले नाहीत, चिडले नाहीत, अगदी हळुवारपणे उसवलं. त्याचाच मला जास्त संताप आला होता. ताईने दुसऱ्यांदा केलं, तेही उसवलं. तिसऱ्यांदाही. मी म्हणालो, "ताई, तू कशाला यांच्या नादी लागतेस?" ती म्हणाली, "अरे, तुझ्या भाऊजींना बायकोसुद्धा दुरुस्त करूनच हवी, आणि जोड न दिसता." असं म्हणून हसली आणि परत पट्टी तासायला बसली.

ताई डावखुरी होती. टोपलीची वीण एकाच दिशेने फिरते, आणि भाऊजी सरळ धरून जे करायचे ते तिच्या हाताला येईना. मग तिने आपली युक्ती काढली. टोपली उलटी धरायची, बूड वर, आणि तशी विणायची. बाहेरून वीण हुबेहूब मिळायची. हळूहळू तिचा हात असा बसला, की भाऊजी उजेडाकडे धरून बघायचे आणि काही न बोलता टोपली फळीवर ठेवायचे. पुढे पुढे दोघं खिडकीपाशी एकाच टेबलाला समोरासमोर बसायचे. त्यांची लेक, माझी भाची, अभ्यास करत त्यांच्या पायांशी लोळायची. त्या घरात बोलणं कमी आणि वेत सोलल्याचा आवाज जास्त.

एक दिवस ताईचा मला दुकानात फोन आला. मला वाटलं काय झालं कोण जाणे. म्हणाली, "अरे, आज हे पाहुण्यांना काय म्हणाले माहितीये? म्हणाले, माझं कुठलं आणि हिचं कुठलं, मलाच सांगता येत नाही." तिचा आवाज आनंदाने भरून आला होता. एवढी वर्षं संसार केला, पोर वाढवली, त्यांच्या दुखण्यात रात्री जागली, त्यातल्या कशाचंही कौतुक तिने मला असं फोन करून सांगितलं नव्हतं.

मागच्या थंडीत ताई गेली. खोकला म्हणून सुरू झालं, मग न्यूमोनिया म्हणाले, मग यंत्रं लावली आणि मग काढली. मी वाकडंतिकडं लोखंड सरळ करणारा माणूस, मला त्या हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये हात कुठे ठेवावेत ते कळत नव्हतं. भाऊजी बाकावर बसून होते. डॉक्टर बाहेर येऊन बोलले तेव्हा त्यांनी मान हलवली, जणू काही एखादी साधी गोष्ट सांगितली. त्यानंतर कित्येक दिवस ते त्या खिडकीपाशी बसत, पण टोपलीला हात लावत नसत. समोरची खुर्ची त्यांनी हलवली नाही. मीही हलवा म्हटलं नाही.

भाची दुसऱ्या गावी नोकरीला आहे. एका रविवारी मी तिथे असतानाच तिचा फोन आला. भाऊजींना कानाला धरून नीट ऐकू येत नाही, म्हणून ते स्पीकरवर ठेवतात.

"बाबा, या महिन्याच्या शेवटी मी येतेय," ती म्हणाली. "मला आईची एक टोपली हवीय."

"घे की. कुठली हवी ती घे. सगळ्या तुझ्याच आहेत."

"तशी नाही. आईने केलेली. तिचे कपडे मला होत नाहीत, आणि ते काही तिने बनवलेले नाहीत. चष्मा आहे, तो दुकानातला. मला तिच्या हातचं काहीतरी हवंय. एक पुरे."

"देतो," भाऊजी म्हणाले. "काढून ठेवतो."

फोन ठेवल्यावर कितीतरी दिवसांनी त्यांच्या चेहऱ्यावर मला जरा जीव दिसला. त्यांनी भिंग काढलं, पुसलं, पहिल्याच फळीवरची टोपली उचलली आणि खिडकीपाशी नेली. मी चहा करून आणला तरी तीच टोपली हातात होती. मी निघालो तेव्हाही तीच.

पुढचे काही दिवस मी दुपारी दुकान बंद करून तिकडे जायचो. टेबलाच्या एका बाजूला ताईच्या टोपल्या, दुसऱ्या बाजूला त्यांच्या, असे दोन भाग केलेले असायचे. दुसऱ्या दिवशी गेलो की भाग बदललेले. कोणी काय केलं याची नोंद कधी कोण ठेवतं? आठवणीवरच सगळी मदार.

"ही तिची," ते मला म्हणाले. झाकणावर दोन हिरवी कडी असलेली टोपली होती. "मला पक्कं आठवतंय. तेव्हा दाढ ठणकत होती, गालाला रुमाल बांधून बसली होती."

"झालं तर मग," मी म्हणालो. "हीच द्या."

त्यांनी जिभेने आपली दाढ चाचपली. मग म्हणाले, "नाही रे. दाढ माझी होती."

मला हसू आलं, आणि लगेच हसण्याची लाज वाटली, कारण त्यांचे डोळे भरले होते. त्यांनी टोपली उचलून दुसऱ्या बाजूला ठेवली.

खरी मोडतोड सुरू झाली ती यानंतर. एका टोपलीची पट्टी आपणहून तडकलेली होती. ती बदलायला त्यांनी वीण उघडली, आत त्यांचाच वेढा होता, आणि तो बघून त्यांच्या एक गोष्ट लक्षात आली. पट्टी संपते तिथे तिचं टोक उभ्या काडीला अर्धा वेढा देऊन विणीच्या पोटात सरकवायचं असतं. ते आतून दिसत नाही, बाहेरूनही दिसत नाही. भाऊजींचा वेढा उजवीकडून जातो. ताई टोपली उलटी धरून डाव्या हाताने विणायची, तेव्हा बाहेरची वीण कितीही मिळाली तरी आतला वेढा डावीकडून जाणार. तेवढी एकच जागा होती जिथे तिचा हात तिचाच राहिला होता. शिकवणाऱ्याचं तिथे लक्ष गेलं नव्हतं म्हणूनच राहिला असणार.

पण तो वेढा बघायचा तर वीण उघडायला हवी. त्यावरची लाख स्पिरिटने सोडवायची, ओलं फडकं गुंडाळून वेत मऊ करायचा आणि बोथट सुईने पट्टी वर घ्यायची. पट्टी मोकळी होते, पण वेढ्यापाशी तडकतेच. ती परत बसत नाही. कापून काढावी लागते, आणि तिथे नवी घालावी लागते.

म्हणजे त्यांचं स्वतःचं काम निघालं तर काही बिघडत नव्हतं. आपलं काढलं, आपलं घातलं. ताईचं निघालं तर मात्र कळण्याच्या क्षणीच ते गेलेलं असायचं.

हे माझ्यासारख्या लोखंड ठोकणाऱ्याला पहिल्या दिवशी कळलं. त्यांना कळलं नसेल असं मी कसं म्हणू? पहिल्यांदा ताईचा वेढा सापडला तेव्हा त्यांनी मला फोन केला. "सापडली," एवढंच म्हणाले. मी शटर ओढून धावत गेलो. ते टेबलाशी उभे होते, गाल तापल्यासारखे लाल, हातात टोपली आणि बोट त्या उघड्या जागेवर. "बघ, बघ, इकडून आलाय. हा तिचा. हा तिचाच." बशीत पट्टीचे दोन तुकडे पडले होते. मी टोपलीतल्या भोकाकडे बघितलं आणि बशीकडे बघितलं. मग त्यांनीही बशीकडे बघितलं. ते खुर्चीत बसले.

मला वाटलं, आता थांबतील. दुसऱ्या दिवशी गेलो तर आणखी एक उघडलेली.

"भाऊजी, तुम्ही हे काय चालवलंय?"

"आता मला कळलंय कुठे बघायचं ते. एक दोन बघितल्या की बाहेरूनही अंदाज येईल. तिची वीण कुठेतरी जराशी घट्ट असणार, सैल असणार. काहीतरी असणारच की."

"नसलं तर?"

"असं कसं नसेल? माणूस होती ती."

मी त्या दिवशी त्यांच्यावर पहिल्यांदा आवाज चढवला. म्हणालो, "तुम्हीच तिला शिकवलंत ना, दिसता कामा नये म्हणून? ती हुशार होती, ती शिकली. आता कुठे शोधताय?" त्यांचा तोंडात मारल्यासारखा चेहरा झाला. मग म्हणाले, "हो. मीच तिला पुसलं. रोज थोडं थोडं पुसलं, आणि ती मला मदत करत राहिली." मी पाणी आणून दिलं. ते पिऊन त्यांनी पुढची टोपली ओढली.

भाची यायचा दिवस जवळ येत गेला आणि फळ्यांवरच्या न उघडलेल्या टोपल्या कमी होत गेल्या. उघडलेली प्रत्येक टोपली ते त्याच दिवशी नवी पट्टी घालून बंद करत, कारण काम अर्धवट ठेवणं त्यांना जमत नाही. त्यामुळे खोलीत शिरलं तर काही घडलंय असं वाटायचंही नाही. टोपल्या पूर्वीसारख्याच रांगेने बसलेल्या, झुपकेदार गोंडे खाली सोडून. फक्त आता त्यांच्यातलं सगळं काम भाऊजींचं होतं. ताईच्या पट्ट्यांचे तुकडे बशीत साठत होते. ओले असताना त्यांना थोडा बाक असायचा. वाळल्यावर ते झाडूच्या काड्यांसारखे दिसत.

शेवटी एकच राहिली. सगळ्यांत लहान, ओंजळीत मावेल एवढी, झाकणावर एकच नाणं. तिच्या कडेला दुरुस्ती होती एवढं भाऊजींना माहीत होतं, कुणाची ते माहीत नव्हतं. त्या दिवशी मी ती त्यांच्या हातातून काढून घेतली.

"हिला हात लावायचा नाही," मी म्हणालो. "ताईची शपथ."

"आणि माझी निघाली तर?"

"निघणारच नाही, कारण बघायचंच नाही."

त्यांनी मान डोलावली. टोपली फळीवर एकटी ठेवली आणि तिच्याकडे पाठ करून बसले. दोन दिवस खरंच हात लावला नाही. मी दर दुपारी येऊन बघत होतो.

भाची शनिवारी सकाळी आली. खांद्यावरची बॅग दारातच टाकून बाबांच्या गळ्यात पडली. वडिलांना इतकं वाळलेलं बघून तिचा चेहरा उतरला. मग टोपल्यांच्या खोलीत गेली आणि फळ्यांवरून बोट फिरवत हळूहळू चालत राहिली.

"कुठली काढलीत माझ्यासाठी?"

भाऊजींनी तिला सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, सारवासारवही केली नाही. वेढा कसा जातो तेसुद्धा दोरीचा तुकडा घेऊन दाखवलं. तिने ऐकलं. बशी पुढे केली तेव्हा एक तुकडा उचलून बघितला आणि परत ठेवला. "ह्यात मी काय बघू, बाबा?" ती म्हणाली. चिडून नाही. खरंच विचारत होती.

मग तिने ती छोटी टोपली उचलली. "ही नाही ना उघडली?"

"नाही."

"मग ही मी नेते. ही आईची."

"ते माहीत नाही पोरी."

"मला खात्री नकोय. मला टोपली हवीय. मी ही आईची समजते, संपलं."

मला तिचा त्या क्षणी फार अभिमान वाटला. आईचं डोकं घेतलंय, असं मनात म्हणालो. भाचीने टोपली टेबलावर ठेवली, म्हणाली, "चला मामा, चहा करू, मला भूक पण लागलीय." आम्ही स्वयंपाकघरात गेलो. तिथे ताईची बरणी, ताईचं गाळणं. भाची साखरेचा डबा शोधत होती आणि मी तिला आपलं दुकानातलं काहीबाही सांगत होतो, तिला जरा हसवावं म्हणून. चहा उकळायला जेवढा वेळ लागतो तेवढाच वेळ आम्ही आत होतो.

बाहेर आलो तेव्हा छोट्या टोपलीभोवती ओलं फडकं गुंडाळलेलं होतं आणि खोलीत स्पिरिटचा वास भरला होता.

भाचीने कप खाली ठेवले. "बाबा, नको."

"मी फक्त बघतो."

"बघायचं नाही म्हटलं ना मी."

"तू ही घरी नेशील," भाऊजी म्हणाले. फडक्यावरचा हात त्यांनी काढला नाही. "कपाटावर ठेवशील. रोज तुझी नजर जाईल. आणि ती माझी असली तर? तर तू रोज मला बघशील, आई समजून. मला ते नाही सहन होणार. तिला मी एवढं पुसलं, आता तिच्या जागेवर बसू का?"

"असू दे तुमची. मला चालेल."

"मला नाही चालणार."

मी पुढे होऊन त्यांचा हात धरायला हवा होता, असं कुणालाही वाटेल. पण वेत मऊ झाला होता. लाख सुटली होती. तिथून मागे फिरता येत नाही, हे एवढ्या दिवसांत मलाही कळलं होतं. भाची टेबलाची कड धरून उभी राहिली. भाऊजींनी सुई घातली आणि पट्टी इतकी सावकाश वर घेतली, की मला वाटलं, या वेळी तरी ती तडकणार नाही. ती वेढ्यापाशी तडकली.

वेढा डावीकडून होता.

"तुझ्या आईची आहे," भाऊजी म्हणाले.

भाची त्या जागेकडे बघत राहिली. पोरगी रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं, मला काहीतरी करता आलं असतं. भाऊजींचा हात मात्र थांबला नव्हता. मऊ झालेली वीण तशीच ठेवली तर ढिली पडते, म्हणून त्यांनी बाजूला भिजत ठेवलेली पट्टी उचलली होती. ती त्यांनी आधीच भिजत टाकली होती, म्हणजे 'फक्त बघतो' म्हणतानाच पट्टी तडकणार हे त्यांनी धरलेलं असणार.

"थांब, आत्ता भरून देतो. संध्याकाळपर्यंत वाळेल."

"नको बाबा. राहू दे."

"अशी कशी नेशील? भोक पडलंय."

ते विणत बसले. भाची थोडा वेळ समोरच्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी होती. मग आत जाऊन तिने कप विसळले, आईच्या कपाटाच्या काचा पुसल्या, बाबांची औषधं डब्यात नीट लावून ठेवली. रविवारी संध्याकाळपर्यंत राहणार होती, पण त्याच शनिवारी दुपारी तिने बॅग उचलली. बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "जेवण वेळेवर घ्या. मी फोन करीन." टोपली मागितली नाही. त्यांनीही मान वर करून तिच्याकडे पाहिलं नाही, कारण लाखेचा पहिला हात चालू होता आणि तो मध्येच थांबवला तर डाग पडतो.

मी तिला स्टँडपर्यंत सोडायला गेलो. बॅग मी घेतली होती. वाटेत ती एकच वाक्य बोलली. "मामा, मी रागावले नाहीये हं. मी काही मागायलाच नको होतं." मी तिला म्हणालो, तुझा काही दोष नाही. पण माझ्या आवाजाला वजन नव्हतं. गाडी सुटली तेव्हा ती खिडकीतून हात करत होती, आणि मला ताई लहानपणी अशीच हात करायची ते आठवलं.

परत आलो तर भाऊजी खिडकीपाशी उभे होते. दिवस उतरत होता, तरी उजेड पुरेसा होता. छोटी टोपली वाळली होती. त्यांनी ती माझ्यापुढे धरली आणि म्हणाले, "तू बघ बरं."

मी ती घेतली. आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं काम मनापासून बघितलं. भिंग लावून कडेने पूर्ण फिरवली, उलटी केली, उजेडाकडे धरली. मला कुठेतरी जोड दिसायला हवा होता. एखादा फिकट धागा, एखादी जाड पट्टी, काहीही. दिसलं असतं तर मी त्यांना म्हणणार होतो, हे बघा, इथे होती ती.

"नाही," मी म्हणालो. "मला कुठेच दिसत नाही."

"मलापण नाही," ते म्हणाले, आणि टोपली माझ्या हातातून परत घेतली.